तेरा फुटी घरातला झोपाळा

कामरेज चार रस्त्यावरून राष्ट्रीय महामार्ग 48 सोडून आत वळलं की उसाच्या शेतांना लागून रो-हाऊसच्या सोसायट्या सुरू होतात. वराछा, कतारगामच्या हिऱ्याच्या कारखान्यांत राबून चार पैसे गाठीला बांधलेली सौराष्ट्राकडची कुटुंबं इथे घर घेतात. घरं अरुंद आणि लांबलचक. रुंदी तेरा-चौदा फूट, लांबी तिच्या तिप्पट. दोन्ही अंगांना शेजाऱ्याची भिंत, त्यामुळे उजेड-वाऱ्याला वाट पुढून नाहीतर मागून. इंटिरिअर डिझाइनच्या पदवीला शिकणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी दरवर्षी अशाच एखाद्या घरात आणते. शिकायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही, कारण इथे चूक लपवायला जागाच नसते.

पहिलं काम मोजमापाचं. तिघांचा गट. एकाने टेपचं टोक भिंतीला धरायचं, दुसऱ्याने आकडा मोठ्याने वाचायचा, तिसऱ्याने तो परत म्हणून मगच लिहायचा. सुरुवातीला मुलांना हे पोरकट वाटतं. पण रिकाम्या घरात आवाज घुमतो आणि ‘नऊशे साठ’चं ‘नऊशे सात’ व्हायला क्षणही लागत नाही. खिडकीची उंची लिहिताना ती जमिनीपासून मोजली की चौकटीपासून, तयार लादीवरून की कोब्यावरून, हेही लिहायचं. चारही भिंती झाल्या की मुलं टेप गुंडाळू लागतात. तेव्हा त्यांना दोन्ही कर्ण मोजायला सांगायचं. या वर्षी पुढच्या खोलीचे कर्ण दीड इंचाने वेगळे आले. मुलांनी पुन्हा मोजले, टेप ताणून मोजले, माणसं बदलून मोजले. फरक तेवढाच. म्हणजे कागदावर आयत असलेली ती खोली प्रत्यक्षात काटकोनात नव्हती.

दीड इंचाने काय बिघडतं, हे मुलांना मिस्त्री दाखवतो. सुरतेत फर्निचरचं काम करणारे बरेच सुतार राजस्थानातले. त्या दिवशी शेजारच्या घरात काम चालू होतं, तिथल्या मिस्त्रींना बोलावून आणलं. त्यांनी कोपऱ्यात गुण्या लावला आणि नुसतं बोट दाखवलं. एक पाय भिंतीला टेकलेला, दुसऱ्याच्या टोकाला फट. या कोपऱ्यात प्लायचं सरळ कपाट उभं केलं की तीच फट सात फूट उंच होणार, मग तिच्यावर पट्टी मारावी लागणार. ती पट्टी आधीच ड्रॉइंगमध्ये धरली, तर कपाटाची दारं सारख्या मापाची येतात. नंतर सुचली, तर एक दार चिंचोळं होतं आणि घरातली माणसं वर्षानुवर्षं ते बघत राहतात.

प्रवेशाच्या दिवसांत पालक भेटतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर पडदे, रंग, सोफे असतात. मुलीला ‘सजावटीची आवड’ आहे, असं सांगतात. त्यात गैर काही नाही, आवड लागतेच. पण चार वर्षांचा मोठा भाग सजावटीच्या अलीकडेच खर्ची पडतो. दुसरा प्रश्न येतो तो पदव्यांचा: आर्किटेक्चर आणि हे, यात फरक काय? कायद्यापुरतं उत्तर सोपं आहे. 1972 च्या वास्तुविशारद कायद्यानुसार परिषदेकडे नोंदणी असलेल्यालाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येतं, आणि त्यासाठी पाच वर्षांची वेगळी पदवी लागते. कोणी कोर्सला ‘इंटिरिअर आर्किटेक्चर’ असं भारदस्त नाव दिलं, तरी नुसत्या त्या नावाने हा हक्क मिळत नाही. आतल्या रचनेचं शिक्षण देणारा स्वतंत्र विभाग अहमदाबादच्या सेप्टमध्ये 1991 मध्ये निघाला. त्या संस्थेचा पाया 1962 मध्ये बाळकृष्ण दोशींनी घातला होता. दोशी 1927 साली पुण्यात जन्मले, आजोबांच्या फर्निचरच्या कारखान्याच्या सहवासात वाढले आणि मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले. लाकूड हाताळणाऱ्या घरातून आलेला माणूस इतकी मोठी शाळा उभी करतो, हे मी मुलांना आवर्जून सांगते.

पहिल्या वर्षी कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. पॅरलल बार, पेन्सिल, बटर पेपर. आणि शरीराचं माप. मुलं एकमेकांची कोपराची उंची, बसल्यावर गुडघ्याची उंची, वर केलेल्या हाताची पोहोच मोजतात, मग घरी जाऊन घरातल्यांची. स्टुडिओत पनेरो आणि झेल्निक यांचं 1979 चं जाडजूड पुस्तक असतं, त्यातली मापं अमेरिकी माणसांची. देबकुमार चक्रबर्ती यांनी भारतीय शरीरांची मापं जमवून केलेलं पुस्तक अहमदाबादच्या एनआयडीने 1997 मध्ये काढलं. दोन्ही शेजारी उघडी ठेवली की मुलांच्या ध्यानात येतं: पुस्तकातलं माप कोणाच्या तरी अंगाचं असतं.

लिंबायतमधली एक विद्यार्थिनी, मूळ घर नंदुरबारकडचं, आईची मापं घेऊन आली. उंची चार फूट दहा इंच. घरमालकाने बांधलेला ओटा चौतीस इंचांचा. उभं राहून करायच्या कामाचा पृष्ठभाग कोपरापासून चारसहा इंच खाली हवा, हे ती वर्गात शिकली होती. आईच्या बाबतीत तो साडेएकतीस इंचांच्या आसपास यायला हवा होता. तिने आईची पोळ्या लाटतानाची दोन चित्रं काढली होती. एकात खांदे कानांकडे चढलेले. दुसऱ्यात पायाखाली लाकडी पाट आणि खांदे खाली आलेले. पाट तिनेच आणून ठेवला होता. त्या दोन चित्रांवर वर्गात जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या कुठल्याही व्याख्यानावर झालेली नाही.

कामरेजच्या घरात मात्र झोपाळ्याने सगळ्यांना जेरीला आणलं. गुजराती घरात झोपाळा हवाच, आणि या घरातल्या बांनी तर अमरेलीहून पितळी कड्या आणून ठेवल्या होत्या. एका मुलीने तेरा फूट रुंदीच्या बैठकीत तो सुबक काढला: पाच फुटांची पाटी, मागे भिंतीवर जाळीकाम. प्लॅनवर झोपाळा म्हणजे एक आयत, आणि आयत हलत नाही. बांना प्लॅन वाचता येत नव्हता. म्हणून मुलांनी लादीवर खडूने तो आखून दाखवला. बा प्लॅस्टिकच्या खुर्चीत आखलेल्या जागेवर बसल्या, पाय पुढे-मागे केले आणि म्हणाल्या, “दीकरा, आ हिंचको तो भींते अथडाय.” भिंतीवरच आपटणार हा! मग मोजणी झाली. पाटीची खोली दोन फूट, पुढे दोन फुटांचा झोका, मागे तेवढाच, वर पुढे आलेले पाय. सात-साडेसात फूट गेले. उरलेल्या जागेत जिना, सोफा आणि स्वयंपाकघराकडे जायची वाट. जेवणाची ताटं घेऊन जाणारी सून आणि झोका, दोघांची गाठ रोज पडली असती.

झोपाळा काटकोनात फिरवला आणि घराच्या लांबीच्या दिशेने झोका जाईल असा बसवला. आता वाट मोकळी. पण कड्यांची जागा बदलली, आणि खरा पेच वर होता. झोपाळ्याचं आणि त्यावरच्या दोनतीन माणसांचं वजन फॉल्स सीलिंगने पेलायचं नसतं. हूक स्लॅबच्या सळईत किंवा तुळईत अडकवावा लागतो. म्हणजे झोपाळा कुठे, हे पीओपीवाले यायच्या आधी ठरायला हवं. विजेच्या तारा त्या जागेवरून जाता कामा नयेत. पंख्याचं पातं आणि झोपाळ्याची दांडी यांच्यात अंतर हवं. एका झोपाळ्यापायी मुलीला प्लॅन, सेक्शन, छताचा नकाशा आणि विजेचा नकाशा असे चारही कागद पुन्हा काढावे लागले. मला विचाराल तर त्या आठवड्यात ती डिझायनर झाली.

मग प्लाय. शीट आठ बाय चारची, म्हणजे 2440 बाय 1220 मिलिमीटर. एकाने कपाटाची खोली 625 मिलिमीटर धरली होती, हँगरला जरा ऐसपैस जागा म्हणून. मिस्त्रींनी शीटवर पेन्सिलीने दोन बाजू आखून दाखवल्या. 600 च्या दोन पट्ट्या आणि मध्ये करवतीचा काप, एवढं एका शीटच्या रुंदीत बसतं. 625 च्या दोन बसत नाहीत. दुसऱ्या बाजूसाठी नवी शीट फोडायची आणि उरलेले तुकडे कुठे खपतात ते शोधत बसायचं. पंचवीस मिलिमीटरच्या ऐसपैस जागेची किंमत घरमालकाच्या बिलात येते. मिस्त्री इंच आणि सुतात बोलतात, आठ सुतांचा इंच, मुलं मिलिमीटरमध्ये. दोन्ही भाषा यायला हव्यात, नाहीतर साइटवर कोणी ऐकत नाही.

कामरेजहून सुरतेत परतताना सरथाणा लागतं. 24 मे 2019 रोजी तिथल्या तक्षशिला इमारतीला आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या क्लासमध्ये अडकलेली 22 मुलं गेली. तो क्लास चित्रकलेचा, डिझाइनचा होता. आमच्या स्टुडिओत येऊन बसली असती अशीच ती मुलं. वर जाणारा जिना लाकडी होता, तोच जळाला. छत इतकं बुटकं होतं की खुर्च्यांच्या जागी टायर मांडले होते, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. खिडक्यांतून उड्या मारणारी मुलं साऱ्या देशाने पाहिली.

या घटनेबद्दल वर्गात बोलताना माझा आवाज अजून स्थिर राहत नाही. पण बोलावं लागतंच. कारण जिना कशाचा, छत किती उंच, बसायचं कशावर, भिंतीला काय चिकटवायचं, हे सगळे निर्णय आमच्याच विषयातले. राष्ट्रीय इमारत संहिता राहत्या खोलीची उंची किमान 2.75 मीटर सांगते, घरातल्या जिन्याच्या पायरीची उंची जास्तीत जास्त 190 मिलिमीटर. मुलं हे आकडे परीक्षेसाठी पाठ करतात. सरथाण्याची गोष्ट कळल्यावर पाठ करावे लागत नाहीत. आमच्या स्टुडिओत आता एक शिरस्ता आहे. कोणताही प्लॅन, घर असो की दुकान, त्यावर सगळ्यांत आतल्या जागेपासून रस्त्यापर्यंतची वाट लाल पेन्सिलीने काढायची. रेघ कपाटाला अडली, आत उघडणाऱ्या दाराला थबकली, एकाच शिडीवर अवलंबून राहिली, तर पुढचं काहीही बघायचं नाही. रंगसंगती किती का सुंदर असेना.

तिसऱ्या वर्षानंतर कामाचा वेग वाढतो. ऑटोकॅड, स्केचअप, रात्रभर चालणारे रेंडर, सबमिशनच्या आदल्या दिवशी प्लॉटरवाल्याकडची रांग. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रेंडरमध्ये सगळी घरं संध्याकाळच्या सोनेरी उजेडात न्हायलेली दिसतात, आणि तेरा फुटी घराच्या मधल्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो हे कुठल्याच चित्रात येत नाही. म्हणून ज्युरीला मी आधी सेक्शन मागते.

लिंबायतच्या त्या मुलीने शेवटच्या वर्षासाठी हॉटेल, शोरूम घेतलं नाही. आपल्या गल्लीतली दहा बाय बाराची भाड्याची खोली घेतली. सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली भागांत खानदेशातून आलेली कितीतरी कुटुंबं अशा खोल्यांत राहतात. लूमवर पाळ्या असतात. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपणार, तेव्हाच मुलं अभ्यास करणार, तिथेच स्वयंपाक होणार. तिचा पहिला विचार होता माळ्यावर झोपायची जागा करण्याचा. लाल रेघ काढायला घेतली आणि ती एका शिडीवर येऊन थांबली, वर छताखाली जेमतेम बसता येईल एवढी उंची. तिने तो कागद स्वतःच बाजूला ठेवला. माळा सामानापुरता राहिला, माणसं खाली आली. मागच्या भिंतीशी झोपायची जागा, तिच्या आडोशाला सात फुटी कपाट, कपाटाच्या दुसऱ्या अंगाला अभ्यासाची घडीची फळी. खर्चाचा तक्ता सोबत: किती शीट, किती बिजागऱ्या, सुताराची मजुरी, आणि खोली सोडताना सगळं सुटं करून नेता येईल अशी जोडणी.

कॉलेजच्या व्हरांड्यात तिने पुठ्ठ्यांची खऱ्या मापाची खोली उभी केली आणि रविवारी वडिलांना घेऊन आली. ते चप्पल काढून आत गेले, कपाटाच्या आड आडवे झाले, थोडा वेळ वर बघत राहिले. “पन वारा कथाईन ई, बेटा?”

पंखा खोलीच्या मध्यावर. सात फुटी कपाटाने तो अडवलेला. आमच्यापैकी एकाही शिक्षकाच्या हे लक्षात आलं नव्हतं. तिने कटर आणला आणि पुठ्ठ्याचं कपाट साडेचार फुटांवर कापलं. वारा आता येणार, पण वरून अभ्यासाचा उजेडही येणार. मग दिवा फळीच्या जरा वर, कपाटाच्याच पाठीला, तोंड खाली करून. कापलेल्या अडीच फुटांतलं सामान माळ्यावर. त्यासाठी माळ्याची खोली तीन इंचांनी वाढवावी लागणार, आणि त्याचा टेकू पंख्याच्या पात्यापासून किती लांब राहतो, ते बघायला तिने नवा बटर पेपर लावला.