इंजिन बांधल्यावर सिंथेटिक ऑइल कधी?

नांगरणी, रोटाव्हेटर, मळणी यंत्र, ट्रॉली अशी कामं वर्षानुवर्षं ओढली की ट्रॅक्टर ऑइल खायला लागतो, निळा धूर सोडतो आणि शेवटी इंजिन खोलावंच लागतं. लाइनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगा बदलून इंजिन नव्याने बांधलं की जालना जिल्ह्यातल्या वाटूर आणि आसपासच्या गावांतला शेतकरी हमखास विचारतो: आता ऑइल कोणतं, आणि सिंथेटिक कधी? उत्तरं माणसागणिक बदलतात. चुकीच्या उत्तराचा भुर्दंड मात्र शेतकऱ्यालाच बसतो, म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

गैरसमज : सुरुवातीला सिंथेटिक टाकलं तर रिंगा बसतच नाहीत.

वस्तुस्थिती : शेव्हरोलेची कॉर्व्हेट कार 1992 पासून कारखान्यातूनच सिंथेटिक ऑइल घेऊन बाहेर पडते, आणि तिच्या रिंगा व्यवस्थित बसतात. लाइनरच्या आत होनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा असतात. जळलेल्या वायूचा दाब रिंगेच्या मागे शिरतो, तिला लाइनरवर दाबतो, रेघांचे टोकदार माथे घासले जातात आणि रिंग बसते. तरीही बांधलेल्या इंजिनात आधी मिनरल ऑइल टाकणंच शहाणपणाचं आहे. एक तर प्रत्येक ठिकाणचं होनिंग कारखान्याइतकं काटेकोर असेलच असं नाही. दुसरं, पहिल्या ऑइलमध्ये धातूचा बारीक कीस उतरतो आणि ते लवकर काढावं लागतं. टाकूनच द्यायच्या ऑइलवर जास्त पैसे कशाला?

गैरसमज : नवं इंजिन तासन्तास रिकामं चालवलं की आपोआप सेट होतं.

वस्तुस्थिती : याने सर्वांत जास्त नुकसान होतं. रिकाम्या इंजिनात वायूचा दाब कमी असतो, त्यामुळे रिंगा लाइनरवर पुरेशा दाबल्या जात नाहीत. लाइनर गुळगुळीत, चकचकीत होतो आणि इंजिन पुढे ऑइल पीत राहतं. मग कोणतंही ऑइल ते दुरुस्त करत नाही, पुन्हा खोलून होनिंग करावं लागतं. म्हणून इंजिन गरम झालं की त्याला मध्यम लोड द्यावा, कमी-जास्त वेगाने चालवावं. वखरणी, पेरणी, अर्धी भरलेली ट्रॉली ही कामं चांगली. खोल नांगरट पहिल्याच आठवड्यात नको.

गैरसमज : ठरावीक तास भरले की सिंथेटिक टाकायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : ट्रॅक्टरचं पहिलं ऑइल साधारण 50 तासांनी फिल्टरसह बदलतात. बांधलेल्या इंजिनात मिस्त्री त्याआधीही बदलायला सांगतात, आणि ते योग्यच आहे. सिंथेटिकचा निर्णय मात्र इंजिनाच्या लक्षणांवर घ्यावा. ऑइल मापायच्या दांडीवरची पातळी सलग कामातही स्थिर राहते का? निळा धूर थांबला का? ब्रीदरमधून येणारी वाफ कमी झाली का? तिन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर पुढच्या बदलीला सिंथेटिक टाकावं. पातळी अजून उतरत असेल तर आणखी एक बदली मिनरलचीच करावी.

गैरसमज : सिंथेटिक पातळ असतं, म्हणून गळतं.

वस्तुस्थिती : डब्यावर 15डब्ल्यू-40 लिहिलेलं असेल तर मिनरल असो वा सिंथेटिक, 100 अंश सेल्सिअसला दोन्हींचा दाटपणा (व्हिस्कॉसिटी) एकाच ठरलेल्या पट्ट्यात बसतो. ऑइल गळतं ते कडक झालेल्या सीलमुळे किंवा नीट न बसलेल्या गॅस्केटमुळे. मिनरल काढल्यावर चेंबरमध्ये थोडं उरलं तरी घाबरू नये, दोन्ही एकमेकांत मिसळतात.

गैरसमज : सिंथेटिक टाकलं की ऑइल बदलायचे तास दुप्पट होतात.

वस्तुस्थिती : सिंथेटिक उष्णतेत लवकर खराब होत नाही, उन्हाळ्यातल्या सलग कामात याचा खरा फायदा मिळतो. पण धूळ आणि काजळी त्यातही साचतेच. डिझेल इंजिनात ऑइल काळं पडणं हे काजळी धरून ठेवण्याचं त्याचं काम चालू असल्याचं लक्षण आहे, त्यामुळे रंगावरून नव्हे तर कंपनीच्या पुस्तिकेतल्या तासांवरून बदलावं. एअर फिल्टर अस्वच्छ असेल तर मळणीची धूळ नव्या रिंगाही झिजवते, आणि तिथे महागडं ऑइलही वाचवू शकत नाही.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. सिंथेटिकचा मोठा गुण कडाक्याच्या थंडीत दिसतो. 15डब्ल्यू दर्जाच्या ऑइलची चाचणी मुळात शून्याखाली 20 अंशांवर इंजिन फिरवण्यासाठी होते, आणि जालना जिल्ह्यात तशी थंडी पडत नाही. म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचं चांगलं मिनरल ऑइल वेळेवर बदललं, तर जुना ट्रॅक्टर त्यावरही वर्षानुवर्षं समाधानाने चालतो. इंजिन बांधून आणल्यापासून रोज सकाळी, थंड इंजिनावर, सपाट जागी दांडी पाहावी आणि तासांसह पातळी वहीत लिहावी. सिंथेटिक कधी टाकायचं, ते ती वही कोणत्याही ऐकीव सल्ल्यापेक्षा अचूक सांगेल.