पाटी बदलली, नकाशाचे काय?

राळेगावात ग्रामपंचायतीची पाटी उतरून नगरपंचायतीची पाटी लागली. पुढे डिसेंबर 2020 मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. चांगलेच झाले. पण आमचा प्रश्न वेगळा आहे. नगराच्या नकाशात आपली वस्ती आहे काय?

नगररचना कोणाच्या मर्जीवर चालत नाही, निदान चालू नये. त्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 आहे. विकास आराखडा काढण्याआधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार केला पाहिजे, असे कलम 25 सांगते. पाणी मुरते ते इथेच! दोन पिढ्यांची घरे असलेली जागा या नकाशात 'मोकळी' दाखवली गेली, की पुढे तिच्यावरून रस्ता जातो, नाहीतर बाजाराचे आरक्षण पडते. 4 नोव्हेंबर 1948 रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना झोडपले, ते उगीच नव्हे. तेच खेडे आता शहर होत असताना जुने गावकूस कागदावर पुन्हा उभे राहता कामा नये.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की कलम 26 प्रमाणे हरकती व सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. त्याची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. निंदणाला, कापूस वेचायला जाणाऱ्या आमच्या बाया राजपत्र वाचणार आहेत काय? म्हणून हे काम शिकलेल्या पोरांचे आहे. नकाशाची प्रत विहारात लावा, सर्व्हे नंबर वाचून दाखवा. हरकत लेखी द्या, पोच घ्या. घरपट्टीच्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही हे खरे. परंतु तिथे घर उभे आहे हे दिसते, आणि इथे मुद्दा तोच आहे. नियोजन समितीच्या सुनावणीला एकट्याने जाऊ नका. हद्दीत कोलाम बांधवांचा पोड येत असेल, तर त्यांनाही सोबत घ्या.

आरक्षण पडल्यावर बघू, असे म्हणणारे आम्हाला नेहमी भेटतात. कलम 127 प्रमाणे 10 वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर खरेदीची नोटीस देता येते आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण संपते. पण ही वाट जमिनीच्या मालकासाठी आहे. ज्याचे घर गायरानावर, त्याने काय करावे? त्याला ते 30 दिवसच आहेत.

आपली स्मशानभूमी नकाशात दाखवली आहे की नाही, तेही त्याच वेळी पाहून घ्या.