आरोपीच नसलेला खटला

कौटुंबिक हिंसाचाराच्या खटल्यात बचाव म्हणजे ‘मी गुन्हा केला नाही’ एवढंच सांगायचं, असं वाटेल. पण २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली बाई दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते, तेव्हा समोर आरोपीच नसतो! असतो तो सामनेवाला. कोर्ट फक्त पाहतं की तिला संरक्षण, राहायला घर, खर्चाला पैसे द्यायचे का. गुन्हा जन्मतो तो नंतर, संरक्षणाचा आदेश मोडल्यावर. मग मात्र कलम ३१खाली एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

या रचनेपुढे भल्याभल्या वकिलांचा युक्तिवाद अडखळतो. ‘छळाला वर्ष उलटलं, मुदत संपली’, हा त्यातलाच एक. अर्जाच्या वेळी गुन्हाच घडलेला नसतो, तर मुदत मोजणार कुठून? फौजदारी मुदत आदेश मोडल्यापासून सुरू होते, असं सुप्रीम कोर्टानं २०२२मध्ये स्पष्ट केलं.

‘घर माझ्या नावावर आहे’ हा सासऱ्यांचा हुकमी एक्काही २०२०मध्ये बाद झाला. सून तिथं संसार करत राहिली असेल, तर मालकी सासऱ्यांची असूनही ते सामायिक घर ठरू शकतं. मात्र मालकाला दिवाणी दाव्याची वाट मोकळी आहे.

तिसरा बचाव मुंबईतला. मायलेकींनी मुलगा, त्याची बायको आणि दोन बहिणींविरुद्ध तक्रार केली. कायद्यात सामनेवाल्याला ‘प्रौढ पुरुष’ म्हटलं होतं, म्हणून तिघी बायका हायकोर्टातून सुटल्या. २०१६मध्ये सुप्रीम कोर्टानं ते शब्दच घटनाबाह्य ठरवून काढून टाकले.

मग टिकतं काय? ‘आमचं कायद्यात बसणारं नातंच नाही’, ‘असं घडलंच नाही’. पुरुष विवाहित आहे हे ठाऊक असताना त्याच्यासोबत राहिलेल्या बाईचा दावा २०१३मध्ये नात्याच्याच मुद्द्यावर फेटाळला गेला.

आता शेजारचा फौजदारी कायदा पाहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५खाली, म्हणजे पूर्वीच्या ४९८-अ खाली, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणून तिथं छळ निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जात मात्र कुणाचं म्हणणं जास्त संभवनीय, एवढं पुरतं. म्हणून एकाच भांडणावरून एका कोर्टात नवरा निर्दोष सुटतो, दुसऱ्यात त्याच्याविरुद्ध आदेश निघतो, आणि दोन्ही निकाल बरोबर असू शकतात.