चौल : एका बंदराचा उदयास्त

समुद्रापासून आगगाडीने आठशेहून अधिक किलोमीटर दूर राहणाऱ्या आम्हां नागपूरकरांना बंदरांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु 1867 साली नागपुरास आगगाडी आली आणि इकडचा कापूस थेट मुंबईच्या बंदराकडे जाऊ लागला, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे बंदराचे निम्मे आयुष्य देशावर असते हे आपल्याला सहज पटेल. कोकणातील चौलची कथा ऐकताना ही खूणगाठ मनाशी असावी.

कुंडलिका नदीच्या मुखाशी, आजच्या रायगड जिल्ह्यात, हे गाव आहे. टॉलेमीने त्यास सिमुल्ला म्हटले, कान्हेरीच्या लेखांत ते चेमुल झाले आणि अरबांनी त्याचे सैमूर केले. 916 च्या सुमारास अल् मसूदी येथे आला तेव्हा शिलाहार राजा झंझ राज्य करीत होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेल्या आणि येथेच जन्मलेल्या मिळून दहा हजार मुसलमानांची वस्ती त्याने नोंदविली आहे. त्यांचे तंटे त्यांच्याच धर्मशास्त्राप्रमाणे तोडणारा एक प्रमुख असे. त्यास ‘हुन्नरमान’ म्हणत. चौल हे व्हेनिससारखे स्वतंत्र नगरराज्य कधीच नव्हते. पण परक्या व्यापाऱ्याला असा विसावा देण्याचे शहाणपण ज्या राजाजवळ होते, त्याला जकात मिळाली आणि गावाला वैभव मिळाले.

पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा विकण्याकरिता येथे उतरला. त्याने घोडा चौलात विकला नाही. पालीवरून घाट चढून तो जुन्नरास गेला. तेथल्या खानाने घोडा अडकवून ठेवला आणि धर्म बदलण्याची अट घातली. बिचाऱ्याची सुटका झाली, घोडाही परत मिळाला. आम्हाला या हकिकतीत महत्त्वाची वाटते ती त्याची वाट. घोडे समुद्रावरून येत, गिऱ्हाईक घाटावर बसलेले असे, आणि घाटावरचे कापड उलट्या वाटेने गलबतांवर चढे.

मग पोर्तुगीज आले. 1508 साली चौलच्याच पाण्यात इजिप्तच्या आरमाराने त्यांचा पराभव केला. व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो त्यात पडला. तरीही 1521 मध्ये बुऱ्हाण निजामशहाने त्यांस रेवदंड्यास किल्ला बांधू दिला. घोड्यांचा पुरवठा त्यांच्या हाती होता, म्हणून त्यांची मर्जी राखणे भाग होते. तेथून एका गावाची दोन गावे झाली. वरचे चौल निजामशहाचे, खालचे पोर्तुगिजांचे. खालच्या चौलास तट होते, चर्चे होती, स्वतःची नगरसभाही होती. मात्र समुद्रावर निघणाऱ्या गलबताला पोर्तुगिजांचा ‘कर्ताझ’, म्हणजे परवाना, घ्यावा लागे. नाही तर माल जप्त.

1570-71 मध्ये मुर्तजा निजामशहाने रेवदंड्यास कित्येक महिने वेढा दिला. तट टिकले आणि शत्रू तह करून परतला. पोर्तुगीज लेखक या विजयाचे मोठे गोडवे गातात. पण लढाईच्या धामधुमीत व्यापारी कोठवर थांबणार? 1636 मध्ये निजामशाही संपली आणि देशावरचा जुना धनी गेला. 1668 साली मुंबई इंग्रज कंपनीच्या हाती आली. चौलचे काही रेशीम विणकर तेथे जाऊन वसले. मुंबईचे बंदर खोल होते आणि चौलची खाडी गाळाने उथळ होत होती. 1683 मध्ये संभाजी महाराजांचा वेढाही या तटांनी परतविला, पण तोपर्यंत आत राखण्यासारखे फारसे उरले नव्हते, असे आमचे मत आहे. 1739 मध्ये वसई पडल्यावर पुढच्याच वर्षी रेवदंडा आणि समोरचा कोर्लई किल्ला तहाने मराठ्यांच्या स्वाधीन झाले.

आज रेवदंड्याच्या तटांच्या आत नारळाच्या वाड्या आहेत आणि मोटारीचा रस्ता किल्ल्यातूनच जातो. खाडीपलीकडे कोर्लई गावात काही घरांतून अद्याप पोर्तुगीज भाषेतून जन्मलेली एक बोली ऐकू येते. बोलणारे तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात.