कोलेस्टेरॉल समजून घेताना (भाग ६) : गुग्गुळ गाजला, इसबगोल उपयोगी पडला

रक्तातले बरेचसे कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, आपले यकृतच ते तयार करते, हे गेल्या भागात पाहिले. त्यावर ओघाने येणारा प्रश्न असा, की कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या रोजच्या स्टॅटिनच्या गोळीऐवजी एखादे झाडपाल्याचे औषध चालणार नाही का? लसणाच्या कॅप्सूल, गुग्गुळाच्या वड्या, लाल यीस्ट तांदळाच्या गोळ्या असे बरेच काही दुकानात मिळते. ते घेण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. हे शरीरात नेमके कुठे काम करते आणि त्याने आकडा कितीने हलतो?

सुरुवात गुग्गुळापासून करू. कच्छ आणि राजस्थानच्या कोरड्या भागातल्या एका काटेरी झुडपाचा हा डिंक. त्रिफळ्याच्या काढ्यात शुद्ध करून वैद्य तो शतकानुशतके वापरत आले. सुश्रुतसंहितेतले मेदोरोगाचे वर्णन समोर ठेवून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले. सशांना कोलेस्टेरॉल चारले, सोबत गुग्गुळ दिला आणि रक्तातले कोलेस्टेरॉल उतरलेले दिसले. १९६६ सालचा त्यांचा हा प्रबंध गाजला. त्या पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने गुग्गुळाचा अर्क विकसित केला, भारतातल्या चाचण्यांत तो उजवा ठरला आणि १९८०च्या दशकात औषध म्हणून बाजारातही आला.

मग २००३ साल उजाडले. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी कोलेस्टेरॉल वाढलेल्या १०३ जणांवर आठ आठवडे चाचणी घेतली. काहींना गुग्गुळाचा अर्क दिला, काहींना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी. कोण काय घेतो आहे, हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. निरुपयोगी गोळी घेणाऱ्यांचे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, सुमारे ५ टक्क्यांनी उतरले. गुग्गुळ घेणाऱ्यांचे मात्र ४ ते ५ टक्क्यांनी चढले, शिवाय काहींच्या अंगावर पुरळ उठले. दोन्ही देशांतल्या लोकांचा आहार वेगळा, हे एक कारण पुढे आले. ते खरे असले, तरी कोलेस्टेरॉलसाठी गुग्गुळावर विसंबावे इतका भक्कम पुरावा आज हाती नाही. डिंकासाठी वारेमाप चिरा पाडल्याने ते झुडूपही अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत जाऊन बसले आहे.

लसणाचेही तेच. २००७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९२ जणांना सहा महिने, आठवड्यातले सहा दिवस लसूण दिला. एका गटाला कच्चा, तोही सँडविचमध्ये घालून, इतरांना गोळ्या. एलडीएल ढिम्म हलले नाही. फोडणीत लसूण खुशाल घाला, चवीसाठी.

आता इसबगोल. उत्तर गुजरातेत पिकणारा आणि आपल्याकडे बद्धकोष्ठासाठी घरोघरी असणारा हा भुसा. चमचाभर भुसा ग्लासभर पाण्यात टाकून थोडा वेळ ठेवा. पाणी दाट, बुळबुळीत होते. चमचा फिरवला तर लगदा सगळा एकत्र हलतो. खरे काम हा बुळबुळीतपणाच करतो.

ते असे. चरबी पचवायला यकृत पित्त सोडते. भांड्याचे ओशट साबणाने सुटावे, तशी पित्तातली आम्ले चरबी सुटी करतात. ही पित्ताम्ले यकृत कोलेस्टेरॉलपासूनच बनवते. काम झाले की त्यांतली सुमारे ९५ टक्के आतड्याच्या शेवटच्या भागातून शोषली जाऊन यकृताकडे परततात आणि पुन्हा वापरली जातात. इसबगोलाच्या लगद्यात त्यांतली काही अडकतात आणि शौचावाटे निघून जातात. तूट भरून काढायला यकृताला नवी पित्ताम्ले बनवावी लागतात, त्यासाठी ते रक्तातले एलडीएल ओढून घेते. भुसा स्वतः रक्तात उतरतच नाही.

रोज सुमारे १० ग्रॅम, दोन-तीन वेळा विभागून घेतला तर एलडीएल साधारण ७ टक्क्यांनी उतरते. म्हणजे १५० चे १४० च्या आसपास. मध्यम मात्रेतले स्टॅटिन ३० टक्के किंवा त्याहून अधिक उतरवते. आकडा थोडाच वाढलेला असेल आणि हृदयविकाराचा धोका कमी असेल, तर आहार, चालणे आणि इसबगोल यांवर काही महिने काढून पाहता येतात. ज्याला झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसला आहे, त्याने भुशाच्या भरवशावर स्टॅटिन बंद करणे म्हणजे जिवाशी खेळ.

लाल यीस्ट तांदळाने आकडा खरोखर उतरतो, पण कारण गमतीचे आहे. त्यातला मोनॅकोलिन के हा घटक म्हणजेच लोव्हास्टॅटिन हे औषध. थोडक्यात, स्टॅटिन टाळायला म्हणून माणूस स्टॅटिनच घेतो, तेही किती ते न कळता. म्हणूनच युरोपीय संघाने २०२२ मध्ये अशा उत्पादनांतल्या मोनॅकोलिनवर रोज ३ मिलिग्रॅमच्या आतली मर्यादा घातली.

इसबगोल घेणार असाल तर तीन पथ्ये पाळा. भरपूर पाण्यासोबत घ्या, कोरडा भुसा घशात अडकू शकतो. इतर औषधांपासून दोन तासांचे अंतर ठेवा, नाहीतर तीही लगद्यात अडकतील. आणि गिळायला त्रास होत असेल किंवा आतड्याचा जुना अडथळा असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. दोन-तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा करा. आकडा हलला नसेल, तर पुढचा निर्णय डॉक्टरांसोबत घ्या.

(पुढील भागात : अर्जुनसाल हृदयासाठी देतात, ती कोलेस्टेरॉलसाठी की आणखी कशासाठी?)