बाटली एक, कायदे अनेक

जयपूरचे प्रताप नगर ही राजस्थान आवासन मंडळाने वसवलेली मोठी वसाहत. मंडळाने तिथे शिकवणीवर्गांसाठी खास 'कोचिंग हब' उभारले आहे. साहजिकच आसपास खोल्या घेऊन राहणारी बाहेरगावची मुलेही आली. समजा, तिथे शिकणारा १९ वर्षांचा एक मराठी मुलगा सुट्टीत घरी निघाला. मित्रांसाठी त्याने व्हिस्कीची एक बाटली विकत घेतली, पावती खिशात ठेवली आणि मुंबईची गाडी पकडली.

राजस्थानात दारू विकत घेण्याचे वय १८ आहे. म्हणजे दुकानात पैसे मोजताना त्याने काहीच गैर केलेले नव्हते. पण गाडी रतलाम सोडून गुजरातेत शिरली की तीच बाटली गुन्ह्याचा मुद्देमाल ठरते, कारण गुजरातेत दारूबंदी आहे आणि परवान्याशिवाय ती जवळ बाळगता येत नाही. सुरत, वापी मागे पडून गाडी महाराष्ट्रात आली, तरी सुटका नाही. इथे तो वयातच बसत नाही. त्यातून दारू परराज्यातली, या राज्याचे उत्पादन शुल्क न भरलेली. प्रवासात त्याने त्यातली थोडी घेतली आणि डब्यात धिंगाणा घातला, तर १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम १४५ वेगळेच लागते. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

गंमत अशी, की गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांचा दारूचा कायदा मुळात एकच. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. १९६० मध्ये राज्याचे दोन भाग झाले आणि कायदा दोघांच्याही वाट्याला आला. गुजरातने बंदी राखली, महाराष्ट्राने ती सैल करत आणली. पण सैल केली म्हणजे उठवली नव्हे. महाराष्ट्रात कागदोपत्री दारू आजही बंदच आहे; ती पिण्याची मुभा मिळते ती परवान्याने. हे अनेक घरांत ठाऊकच नसते. बारमध्ये जाऊन बसणाऱ्या कितीजणांच्या खिशात असा परवाना असतो, हे विचारायची सोय नाही!

हा परवाना देशी-विदेशी मद्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. बिअरसारख्या सौम्य मद्यासाठी वय २१. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे. तेव्हा सावंगीच्या किंवा सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने 'मी पंचविशी ओलांडली आहे' असे सांगून भागत नाही.

१८ व्या वर्षी मतदान करता येते. २१ व्या वर्षी मुलाला लग्न करता येते. व्हिस्कीचा पेला उचलायला मात्र महाराष्ट्रात तेच वय लागते, जे लोकसभेची निवडणूक लढवायला लागते. हे हास्यास्पद वाटेल, आणि २५ ही मर्यादा व्यवहार्य आहे का, याबद्दल शंका घेता येईल. पण ती मर्यादा आहे तोवर तिचा एक परिणाम आई-वडिलांनी नीट ध्यानात घ्यायला हवा.

ना लहान, ना मोठा

महाविद्यालयातली बहुतेक मुले १८ ते २२ या वयातली. दारूच्या कायद्याला ती लहान वाटतात, पण फौजदारी कायद्याच्या लेखी ती पूर्ण सज्ञान असतात. १७ वर्षांचा मुलगा पकडला गेला, तर २०१५ चा बाल न्याय कायदा त्याच्यापुढे ढालीसारखा उभा राहतो. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, बालकांसाठी नेमलेल्या पोलीस अधिकाऱ्याकडेच सोपवावे लागते आणि २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. १९ वर्षांच्या मुलाला यातले काहीही मिळत नाही. त्याचा पंचनामा, अटक, जामीन, खटला सगळे मोठ्या माणसासारखे. परवान्याशिवाय दारू बाळगणे किंवा पिणे हा कलम ६६ खाली गुन्हा आहे. रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क आढळला, तर तो औषधातून किंवा अन्य निर्दोष कारणाने आला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवरच येते. ढाब्यावर किंवा परवाना नसलेल्या हॉटेलात बसले असता धाड पडली, तर मालकाबरोबर तिथे पिणाऱ्यांवरही कलम ८४ खाली कारवाई होते.

गोव्याची सहल हा यातला नेहमीचा प्रकार. परतताना पिशवीत 'स्वस्तात मिळाल्या' म्हणून चार बाटल्या असतात. त्यांच्यावर फक्त गोव्यात विक्रीसाठी असे छापलेले असते, ते कोणी वाचत नाही. बांद्याजवळ इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाडी थांबली, की वाचावे लागते. बाटल्या कोणाच्या, असा प्रश्न आला म्हणजे सगळे एकमेकांकडे पाहतात, आणि ज्याच्या बॅगेत त्या सापडतात तो अडकतो. मग त्याने त्या मित्राच्या सांगण्यावरून ठेवलेल्या का असेनात.

पुण्याची रात्र

पण कायदा सर्वांत कठोर आहे तो पिणाऱ्या मुलाशी नव्हे, पाजणाऱ्या मोठ्यांशी. १९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात १७ वर्षांचा मुलगा चालवत असलेल्या भरधाव मोटारीने दुचाकीवरच्या दोघा तरुण संगणक अभियंत्यांचा जीव घेतला. बारावीचा निकाल साजरा करून तो पबमधून परतत होता, असे पोलिसांचे म्हणणे. बाल न्याय मंडळाने त्याला काही तासांतच जामीन दिला आणि ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. त्यावर देशभर संताप उसळला. पुढे मुलाची रवानगी निरीक्षणगृहात झाली, जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्याला सोडले आणि त्याच्यावर सज्ञान म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

निबंधाची चर्चा खूप झाली. त्या गदारोळात मोठ्या माणसांचे काय झाले, याकडे कमी लक्ष गेले. मुलाच्या वडिलांना अटक झाली. मद्य पुरवल्याच्या आरोपावरून पबच्या चालकांना अटक झाली. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाचे दोन डॉक्टर गजाआड गेले. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे १८ वर्षांखालील मुलाला मद्य देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम केवळ पबवाल्यासाठी नाही. वाढदिवसाला 'आज एकच घे' म्हणत अकरावीतल्या भाच्याच्या हाती पेला देणारा मामाही त्यात सापडू शकतो.

गाडीची किल्ली देणाऱ्याचेही तसेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत वाहन परवाना नाही. सज्ञान मुलाने पिऊन गाडी हाकली, तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

हॉस्टेलमधल्या मेजवान्यांबद्दल एवढेच, की नव्या मुलाला जबरदस्तीने पाजणे हे रॅगिंग आहे. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात मद्यधुंद वरिष्ठांच्या मारहाणीनंतर अमन काचरू हा विद्यार्थी दगावला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी नियम आले. महाराष्ट्राचा कायदा तर १९९९ पासूनच आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, महाविद्यालयातून हकालपट्टी आणि पाच वर्षे दुसरीकडे प्रवेश बंद. एका रात्रीच्या मस्तीपायी पदवीच हातची जाते.

साक्षांकनाचा कागद

मुलगा पकडला गेल्याचा फोन आला, की घरचे पहिल्यांदा 'कोणाला ओळखतो आपण' हे आठवू लागतात. खरे तर वकील आधी आठवायला हवा. अटक केल्यास नातेवाइकाला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो. कोऱ्या कागदावर सही करू नये, हे मुलाला आधीच सांगून ठेवलेले बरे.

दंड भरून प्रकरण संपले, असे अनेकांना वाटते. पुढे सरकारी नोकरी लागली, की साक्षांकनाचा नमुना हातात येतो. कधी अटक झाली होती का, खटला चालला का, दंड झाला का, असे त्यात विचारलेले असते. १७ व्या वर्षीच्या प्रकरणाचा डाग बाल न्याय कायद्याचे कलम २४ सहसा पुढे राहू देत नाही. १९ व्या वर्षीच्या प्रकरणाला ती सवलत नाही. तिथे 'नाही' लिहिण्याचा मोह होतो आणि खरा घात तिथेच होतो. २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की उमेदवाराने दिलेली माहिती खरीच हवी. तरुण वयातल्या किरकोळ गुन्ह्याकडे नोकरी देणारा काणाडोळा करू शकतो. मात्र माहिती दडवल्याचे उघडकीस आले, तर हाती आलेली नेमणूकही रद्द होऊ शकते.