चक्री करवतीचें छत्र

करवत हा शब्द संस्कृत ‘करपत्र’ शब्दापासून आला. हातानें चालवावयाचें पातें, असा त्याचा भाव. हातकरवतीस तें नांव शोभतेंहि, कारण तिचा वेग कारागिराच्या दंडांतील बळाहून अधिक नसतो. टेबलांतून डोकें वर काढून फिरणाऱ्या चक्री करवतीची गोष्ट निराळी. दहा इंची पातें मिनिटास ४००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्यांचा वेग ताशीं सुमारें १९० किलोमीटर होतो. जिज्ञासु वाचकांनीं हिशेब करून पाहावा.

हें यंत्र आतां कारखान्यापुरतें राहिलेलें नाहीं. नव्या घरांत कपाटें करावयास सुतार येतो, प्लायवूडच्या तक्त्यास फट पाडून तिच्याखालीं कटर उलटा बसवितो, आणि दिवाणखान्यांतच करवत सुरू होते. कटरचें मूळचें झांकण तेथें अडतें, म्हणून तें काढून तरी टाकतात किंवा बांधून ठेवतात. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमानें यंत्राच्या धोक्याच्या भागांस आडोसा घालणें सक्तीचें केलें होतें. परंतु तें कारखान्यांपुरतें. दिवाणखान्यांत ती जबाबदारी कारागिराची व गृहस्थाची.

झांकण काढणारा निष्काळजी असतो, असें म्हणणें सोपें आहे. खरें कारण असें कीं, तें काम अडवितें : रेघ दिसत नाहीं, भुसा आंत सांचतो. तेव्हां झांकणाकडून कांहीं सोय झाली तरच तें जागेवर राहील. धूळ ओढण्याचें काम त्यास दिल्यानें ही सोय होते. धूळ ही नुसती कटकट नव्हे. लाकडाची धूळ माणसांस कर्करोगकारक आहे, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ सालीं दिला. जाड भुसा जमिनीवर पडतो. सूक्ष्म धूळ मात्र हवेंत तरंगत शेजारच्या खोलींतील मुलांपर्यंत पोंचते.

छत्राच्याहि आधीं पात्यामागें एक पोलादी पट्टी हवी. कापलेल्या लाकडाच्या फांकी मिटूं लागल्या कीं पात्याचे मागून वर येणारे दाते त्यांस उचलून कारागिराच्या अंगावर फेंकतात. पट्टी फांकी मिटूं देत नाहीं. ती पात्याच्या अंगाहून जाड, पण त्यानें पाडलेल्या चिरेहून पातळ असावी. अंग २ मिलिमीटर व चीर ३ असेल तर पट्टी अडीच. पात्यापासून ती ३ ते ८ मिलिमीटर दूर व माथ्यानें किंचित् खालीं असावी. कटरला ती बसविण्याची सोय नसल्यास टेबलांतच, पात्याच्या तंतोतंत रेषेंत, घट्ट बसवावी.

छत्र म्हणजे बिनतळाची लांबट पेटी. माथा प्लायवूडचा व बाजू ६ मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या कराव्या. ॲक्रिलिक आघातानें तडकतें. दहा इंची पातें साडेसात सेंटिमीटर वर येत असेल, तर पेटी आंतून ५ सेंटिमीटर रुंद, १० उंच व ३५ लांब पुरते. लहान पात्यास मापें कमी करावीं. पुढची खालची कड होडीच्या नाळेसारखी तिरपी ठेवावी, म्हणजे लाकूड सरतांच छत्र आपोआप उचललें जाईल. पात्याच्या आवांक्यांत लोखंडी स्क्रू नको.

टेबलाच्या बाजूस लोखंडी खांब, त्यास आडवा दांडा, आणि दांड्यापासून छत्रापर्यंत सारख्या लांबीच्या दोन फिरत्या पट्ट्या. शाळेंतला समांतरभुज चौकोन येथें कामीं येतो : पट्ट्या कशाहि कलल्या तरी छत्र टेबलास समांतर राहूनच वर-खालीं होतें.

पात्याचे वरचे दाते कारागिराकडे धांवतात, म्हणून धूळहि त्याच्याच तोंडावर येते. यास्तव व्हॅक्यूम क्लीनरची नळी छत्राच्या पुढच्या अर्ध्या भागीं, माथ्यावर जोडावी. मध्यें घट्ट झांकणाची बादली घेतल्यास जाड भुसा तींतच पडतो. टेबलाखालीं तर अधिकच भुसा सांडतो. तेथें दुसरी नळी द्यावी. एवढें करूनहि मुखपट्टी सोडूं नये.

प्रथम प्लग काढून पातें हातानें फिरवावें. छत्र बाजूनें ढकललें तरी दात्यांस लागतां कामा नये. लाकडाचा शेवटचा ३० सेंटिमीटर भाग काठीनेंच पुढें सारावा. फार अरुंद पट्टी कापतांना छत्र आड येतें. तेव्हां छत्र न काढतां हातकरवत घ्यावी.

आमच्या पेठेंतील एका सुतारास असें छत्र करून दिलें, तेव्हां पहिले दोन दिवस त्यानें तें वर बांधून ठेविलें. धूळ डोळ्यांत जाऊं लागली, तसें तिसऱ्या दिवशीं तें त्यानें स्वतःच खालीं सोडलें. उपदेश करावा लागला नाहीं.

घरीं सुतार आला कीं आपण दर ठरवितों, मुदत ठरवितों. त्याच वेळीं छत्राचीहि गोष्ट काढावी, आणि लागल्यास त्याचा खर्च आपण सोसावा. कपाटाच्या किंमतींत तो फारसा जाणवणार नाहीं. आणि कारागिराचा संसार त्याच्या दहा बोटांवर चालतो, हें आपण विसरतां कामा नये.